४०५ ते २१६० : टीव्हीच्या खोक्यावरील आकड्याचा इतिहास

१/
दसरा-दिवाळीच्या सुमारास टीव्ही घ्यायला निघालेल्या घरात एक प्रश्न हमखास पडतो : 'एचडी रेडी' घ्यावा, 'फुल एचडी' घ्यावा, की '४के'? विक्रेता मोठ्या आकड्याकडे बोट दाखवतो, घरातील तरुण मंडळी त्याला दुजोरा देतात आणि पैसे मोजणारा माणूस गप्प राहतो. हा प्रश्न जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे. १९३६ साली लंडनच्या ग्राहकापुढेही तो होता, आणि पुढे फ्रान्स, बेल्जियम, जपान येथील ग्राहकांपुढेही. त्यांच्या अनुभवातून आजच्या खरेदीला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते. #थ्रेड

२/
प्रथम आकडा म्हणजे काय ते पाहू. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्र एकदम उमटत नसे. आपण पुस्तक जसे डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचतो, तसा इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर रेषेमागून रेषा ओढत जाई. एका चित्राला किती रेषा, यावर त्याचा रेखीवपणा ठरे. जॉन लोगी बेअर्ड यांच्या फिरत्या चकतीच्या यंत्रावर, ज्याचे प्रात्यक्षिक त्यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागात केले, अवघ्या ३० रेषा असत. समोरचा माणूस ओळखू येई. त्याच्या हातातील वर्तमानपत्राचा मथळा वाचता येणे शक्य नव्हते.

३/
१९३५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या सेल्सडन समितीने शिफारस केली की सार्वजनिक प्रक्षेपण सुरू करायचे तर चित्राला किमान २४० रेषा हव्यात. आणि या दर्जाला शब्द वापरला गेला 'हाय डेफिनिशन'. 'एचडी' हा आपल्याला एकविसाव्या शतकाचा वाटणारा शब्द असा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा आहे. तेव्हापासून तो प्रत्येक पिढीत नव्या मालाला चिकटवला गेला. कालच्या चित्रापेक्षा आजचे चित्र बरे, एवढाच त्याचा स्थिर अर्थ.

४/
समितीपुढे दोन दावेदार होते. बेअर्ड यांची कंपनी २४० रेषा देत होती. मार्कोनी-ईएमआय कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी मात्र थेट ४०५ रेषांवर उडी घेतली. त्या काळी हे धाडसच होते, कारण इतक्या रेषांचे यंत्र समाधानकारक चालते हे अजून कोणी दाखवून दिले नव्हते. सरकारने निर्णय टाळला. दोन्ही पद्धती आळीपाळीने, एकेक आठवडा वापरून पाहाव्यात असे ठरले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची सेवा सुरू झाली, तेव्हा पहिला मान कोणाचा हे नाणे उडवून ठरवण्यात आले. नाणेफेक बेअर्ड यांनी जिंकली.

५/
स्पर्धा मात्र ते हरले. कारण नुसते रेषांचे नव्हते. स्टुडिओतील दृश्यांसाठी बेअर्ड यांच्या एका पद्धतीत आधी चित्रफितीवर चित्रण होई, ती फीत तिथल्या तिथे सुमारे एका मिनिटात धुतली जाई आणि मग ते चित्र प्रक्षेपित होई. कॅमेरा या सगळ्या अवजड सरंजामाला जखडलेला. ईएमआयचा 'एमिट्रॉन' कॅमेरा हवा तिथे नेता येई. शिवाय बेअर्ड यांचे चित्र सेकंदाला २५ वेळा उमटे आणि त्यामुळे डोळ्यांना लुकलुकत असल्यासारखे दिसे. ईएमआयने प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवले : आधी १, ३, ५ अशा विषम रेषा, मग मधल्या सम रेषा. एकूण माहिती तितकीच, पण पडदा सेकंदाला ५० वेळा उजळे आणि लुकलुक नाहीशी होई. १०८०आय या नावातील 'आय' म्हणजे हीच युक्ती.

६/
फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. आता त्या तीन महिन्यांत संच विकत घेतलेल्या लंडनकराचा विचार करा. त्याचा संच दोन्ही पद्धतींवर चालणारा होता. दोन्हींसाठी लागणाऱ्या जोडणीचे पैसे त्याने भरले होते. सेवा सुरू होऊन शंभर दिवस व्हायच्या आत त्यातील निम्मी जोडणी निरुपयोगी झाली. टीव्हीच्या इतिहासातील हा एक सुरुवातीचा 'कालबाह्य' आकडा.

७/
थोडे विषयांतर, पण मला स्वतःला फार आवडलेले. ४०५ हाच आकडा का? ४०० का नाही? रेषा एकाआड एक ओढायच्या तर एकूण संख्या विषम असणे सोयीचे, कारण मग दुसरा हप्ता आपोआप अर्ध्या रेषेने सरकतो. आणि तेव्हाच्या मंडलांना मोठ्या संख्येने भागाकार नीट जमत नसे. ३, ५, ७ अशा लहान विषम संख्यांनी टप्प्याटप्प्याने भागावे लागे. म्हणून ४०५ म्हणजे ३×३×३×३×५. अमेरिकेचे ५२५ म्हणजे ३×५×५×७. युरोपचे आणि आपले ६२५ म्हणजे ५×५×५×५. फ्रान्सचे ८१९ म्हणजे ३×३×७×१३. डोळ्याला काय हवे याइतकाच शाळेतल्या पाढ्यांचाही या आकड्यांत हात आहे. चित्रे सेकंदाला ५० की ६०, हे तर त्या त्या देशातील विजेच्या प्रवाहाने ठरवले.

८/
युद्धामुळे १ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीची चित्रवाणी बंद पडली. १९४३ साली नेमलेल्या हँकी समितीसमोर प्रश्न होता : युद्धानंतर नव्याने सुरुवात करायचीच आहे, तर जुने ४०५ का ठेवावेत? समितीने सुमारे १००० रेषांचे ध्येय समोर ठेवावे असे म्हटले, पण लगेच सुरू करायचे तर ४०५ वरच करावे असाही सल्ला दिला. यंत्रे तयार होती, लोकांच्या घरी संच होते. ७ जून १९४६ रोजी सेवा पुन्हा सुरू झाली ती ४०५ रेषांवरच.

९/
तात्पुरता वाटलेला हा निर्णय पुढे जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. जितके अधिक संच विकले जात, तितके आकडा बदलणे अवघड होत जाई. १९६४ साली बीबीसीची दुसरी वाहिनी ६२५ रेषांवर सुरू झाली. त्यामुळे ब्रिटिश घरांत दोन्ही पद्धतींचे संच आले. वाहिनी बदलताना एक जाडजूड खटका ओढून संचाची आतली जुळणीच बदलावी लागे. ४०५ चे शेवटचे प्रक्षेपक जानेवारी १९८५ मध्ये बंद झाले. सर्वांत आधी धावलेला देश सर्वांत जुन्या आकड्यात असा अडकून राहिला.

१०/
आता फ्रान्स. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण हेच.

२० नोव्हेंबर १९४८ च्या आदेशाने फ्रान्सने ८१९ रेषांची पद्धत स्वीकारली. त्यावर सही होती तेव्हाचे माहिती खात्याचे मंत्री फ्रान्स्वा मितेराँ यांची, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. शेजारी देश ६२५ कडे झुकत होते. फ्रान्सला जगातील सर्वांत रेखीव चित्र हवे होते, आणि परदेशी संचांपासून आपल्या कारखानदारांचे रक्षणही. दोन्ही हेतू एकाच आकड्यात बसवले गेले. चित्र खरोखरच सुंदर होते यात शंका नाही. प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेषा ७०० हून अधिक; म्हणजे रेषांच्या हिशेबाने आजच्या 'एचडी रेडी'च्या आसपास, आणि तेही १९५० च्या आगेमागे!

११/
पण रेषा फुकट येत नाहीत. जितके तपशील, तितका हवेतील तरंगांचा पट्टा रुंद लागतो. ब्रिटनच्या ४०५ ला चित्रासाठी सुमारे ३ मेगाहर्ट्झ पुरत. पश्चिम युरोपातील बहुतेक ६२५ वाल्यांना ५. फ्रान्सच्या ८१९ ला तब्बल १०. उपलब्ध पट्टा तेवढाच. त्यामुळे वाहिन्या कमी बसणार आणि प्रक्षेपक-संच दोन्ही महाग पडणार. १९६४ मध्ये दुसरी वाहिनी काढायची वेळ आली, तेव्हा फ्रान्सने ती निमूटपणे ६२५ वर काढली. ८१९ चे प्रक्षेपण १९८३ मध्ये संपले.

१२/
जुन्या ४४१ रेषांच्या संचांचे काय? युद्धकाळापासून आयफेल टॉवरवरून ४४१ चे प्रक्षेपण चालू होते, आणि त्या संचधारकांसाठी ते आणखी काही वर्षे चालू ठेवण्याचे आश्वासन होते. जानेवारी १९५६ मध्ये टॉवरच्या माथ्यावर आग लागली, ४४१ चा प्रक्षेपक जळाला आणि तो पुन्हा उभारला गेला नाही.

१३/
बेल्जियमची गोष्ट याहून उपयोगी. तिथे फ्रेंच भाषेतील प्रक्षेपण ८१९ वर, फ्लेमिश भाषेतील ६२५ वर. शेजारच्या देशांचे कार्यक्रम पाहायचे तर आणखी दोन पद्धती. त्यामुळे तेथील दुकानांत चार-चार पद्धतींचे संच विकले जात. पण खरी गंमत पुढेच आहे. बेल्जियमने ८१९ रेषा घेतल्या, मात्र फ्रान्सइतका रुंद पट्टा दिला नाही. ६२५ साठीच्या अरुंद वाहिनीत त्या कोंबल्या. परिणाम असा की वरून खाली मोजल्यास रेषा ८१९ भरत, पण प्रत्येक रेषेतील आडवा तपशील मात्र निम्म्याने घटलेला. आकडा फ्रान्सचा, चित्र भलतेच.

१४/
आज कमकुवत इंटरनेटवर '४के' चित्रपट पाहताना नेमके हेच घडते. पडद्यावर बिंदू ८३ लाखांच्या घरात असतात. पण जोडणी तेवढी माहिती वाहून आणू शकत नसेल तर सेवा चित्राला पिळते, अंधारी दृश्ये चौकटी-चौकटींची दिसतात, पळणाऱ्या खेळाडूभोवती धुरकट कड येते. शिवाय काही ओटीटी सेवांमध्ये ४के चित्र फक्त सर्वांत महाग वर्गणीतच मिळते. टीव्हीचा आकडा विचारण्याआधी घरात येणाऱ्या वाहिनीचा 'पट्टा' विचारावा, हे बेल्जियमच्या ग्राहकाला १९५० च्या दशकातच कळले असणार.

१५/
भारत या शर्यतीत उशिरा उतरला आणि त्याचा त्याला फायदाच झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते ६२५ रेषांवर; आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्रांचा वेगही युरोपचाच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. ४०५ चे ओझे आपल्याला कधीच वाहावे लागले नाही. १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिन आणि मग आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला, तोही त्याच ६२५ रेषांत बसवलेला. घरातील कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत, त्यांना फक्त रंग दिसत नव्हते.

१६/
त्या काळी रेषांची चौकशी कोणी करत नसे, कारण सर्वांच्या घरी त्या सारख्याच होत्या. फरक पडे तो गच्चीवरील अँटेनामुळे. तिचे तोंड वरळीकडे किंवा सिंहगडाकडे नीट वळले नसेल, तर पडद्यावर मुंग्या. एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण संचासमोर, आणि 'आलं का?' 'गेलं!' असा पुकारा. संच तोच, रेषा त्याच. येणारा संदेश बिघडला की चित्र बिघडले. ही समज त्या पिढीला होती. रिमोट हाती आल्यावर ती हरवली असे मला वाटते.

१७/
पुढचे पाऊल जपानचे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या तेथील सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने नव्या पद्धतीचे संशोधन हाती घेतले आणि त्यातून ११२५ रेषांची 'हाय-व्हिजन' आली. ११२५ हा आकडाही हिशेबी : ५२५ शी त्याचे गुणोत्तर १५ : ७, ६२५ शी ९ : ५, म्हणजे दोन्हीकडून रूपांतर सोपे. १९८६ मध्ये दुब्रोवनिक येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत जपानने ती जगापुढे मानक म्हणून ठेवली. युरोपने अडवली आणि स्वतःची १२५० रेषांची पद्धत काढायला घेतली. संघर्ष वरवर तांत्रिक होता. आत भीती होती की उद्या युरोपच्या घराघरांत फक्त जपानी संच असतील.

१८/
दोघेही हरले. १९९० मध्ये अमेरिकेत पूर्ण डिजिटल पद्धतीचा प्रस्ताव आला, १९९३ मध्ये तेथील स्पर्धकांनी एकत्र येऊन एक पद्धत घडवली आणि १९९६ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. युरोपची १२५० केव्हाच विरून गेली. जपानचे हाय-व्हिजन उपग्रहावरून नियमित दिसत होते, पण तेही जुन्या ॲनालॉग धर्तीचे. २००७ मध्ये ते बंद झाले. उत्साहाने आधी संच घेतलेल्या जपानी कुटुंबांची स्थिती १९३७ च्या लंडनकराहून फार वेगळी नव्हती.

१९/
डिजिटल युगात रेषांची जागा बिंदूंनी घेतली. १६ : ९ आकाराच्या पडद्यावर चौरस बिंदू मांडायचे तर १९२० × १०८० हे मोजमाप नेमके बसते, आणि तेच 'फुल एचडी'. मग 'एचडी रेडी' काय आहे? युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने २००५ मध्ये आणलेला तो एक शिक्का. अट एवढीच की पडद्याला किमान ७२० रेषा असाव्यात आणि एचडी संदेश स्वीकारता यावा. 'रेडी' म्हणजे सज्ज. १०८० चा संदेश हा संच घेतो, पण दाखवतो आपल्या कुवतीप्रमाणे आटवून. आपल्याकडील बहुतेक ३२ इंची 'एचडी रेडी' पडदे १३६६ × ७६८ बिंदूंचे असतात.

२०/
आणि आता ती चलाखी, जिच्यामुळे खरे तर हा थ्रेड लिहायला घेतला. २४०, ४०५, ६२५, ७२०, १०८० : हे सगळे आकडे वरून खाली मोजलेले. मग एकदम '४के', म्हणजे ४०००? इथे मोजपट्टीच आडवी केली आहे! चित्रपटसृष्टीत डिजिटल चित्राची रुंदी मोजण्याची रीत होती; २००५ च्या तेथील मानकात ४०९६ × २१६० ला '४के' म्हटले होते. टीव्हीचा पडदा ३८४० × २१६०, म्हणजे ४००० ला थोडा कमीच, तरी नाव तेच लावले गेले. अधिकृत नाव 'अल्ट्रा एचडी' असूनही बाजारात चालले '४के'च. जुन्या पट्टीने मोजले तर १०८० नंतर २१६०, म्हणजे रेषा दुप्पट; एकूण बिंदू चौपट. कानाला मात्र १०८० वरून ४००० झाल्यासारखे वाटते.

२१/
मग घ्यावे काय? याचे उत्तर तुमच्या खोलीत आहे. सामान्य नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्यावरून साधा हिशेब निघतो : १०८० रेषांच्या पडद्यावर, त्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरापलीकडे गेलात की दोन शेजारच्या रेषा डोळ्याला एकच वाटतात. तिथून मागे बसणाऱ्याला २१६० मधील जादा रेषा दिसतच नाहीत.

२२/
४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटीमीटर. त्याची ही सीमा साधारण साडेपाच फूट. ५५ इंचीची सात फूट. ६५ इंचीची साडेआठच्या आत. ३२ इंची 'एचडी रेडी'ची सहा फूट. आता आपल्या सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. ते आठ-नऊ फूट भरले, तर ४३ इंचीत ४के आणि फुल एचडी यांतील रेषांचा फरक तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणार नाही. ७५ इंची घेत असाल तर जरूर पोहोचेल. निजण्याच्या खोलीत पलंगावरून ३२ इंची पाहायचा असेल, तर 'एचडी रेडी'बद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही.

२३/
एक न्याय्य हरकत : 'दुकानात तर ४के डोळ्यांत भरतो.' भरतो, कारण तिथे आपण तीन फुटांवर उभे असतो, आणि पडद्यावर फुले-पक्ष्यांची खास बनवलेली चित्रफीत चालू असते. शिवाय ४के संचांत अनेकदा उजेड-अंधारातील अंतर आणि रंगांची व्याप्तीही जास्त असते. भुरळ पडते ती पुष्कळदा त्याची. ४३ इंचांच्या पुढे किमतीत फारसा फरक नसेल तर ४के खुशाल घ्यावा. पण पैसे अधिक मोजायचे झाले तर मी ते रेषांपेक्षा त्या उजेड-अंधारासाठी मोजेन.

२४/
आणि घरी केबलवरून साध्या वाहिन्याच पाहिल्या जात असतील तर? त्या ७२० × ५७६ बिंदूंच्या असतात. आपल्या जुन्या ६२५ रेषांपैकी दिसणाऱ्या ५७६ अजून तशाच आहेत. ४के पडद्यावर अशा एका बिंदूच्या वाट्याला बरोबर २० बिंदू येतात. उरलेले १९ संच अंदाजाने भरतो. हा अंदाज काही संच चांगला करतात, काही वाईट. म्हणून दुकानात नमुन्याची चित्रफीत बंद करायला सांगून, तुमच्या घरी रोज लागणारी वाहिनी लावायला सांगा आणि आठ पावले मागे जाऊन पाहा.

२५/
८के बद्दल विचारणा होणारच, म्हणून तेही. ७६८० × ४३२०. हेही एनएचकेचेच अपत्य. १ डिसेंबर २०१८ पासून जपानमध्ये त्याची उपग्रह वाहिनी आहे. पण ते घडवताना त्यांचा हेतू वेगळा होता : प्रेक्षकाने पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट अंतरावर बसावे, म्हणजे चित्र नजरेचा सुमारे १०० अंशांचा भाग व्यापेल आणि आपण दृश्याच्या आत असल्याचा भास होईल. ६५ इंची पडद्यासाठी हे अंतर भरते दोन फूट. सोफा तेवढा पुढे ओढण्याची घरच्यांची तयारी आहे का, ते आधी विचारून घ्यावे.